आमच्या पोळीभाजी केंद्रात आम्ही काय काय बदललं (आणि तुमच्या छोट्या धंद्यात ते कसं करायचं)

मी आणि माझ्या जाऊबाई, आम्ही दोघी डोंबिवलीत स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर पोळीभाजी केंद्र चालवतो. एक गाळा, दोन लाटणाऱ्या-भाजणाऱ्या मावशी, महिन्याचे डबे पस्तीस-चाळीस, आणि संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी जाता जाता पोळ्या घेणारं गिऱ्हाईक. पहिली तीन वर्षं दिवसभर राबायचो, गल्ला भरलेला दिसायचा आणि महिनाअखेरीला हातात काहीच नसायचं, म्हणजे खरंच काही नाही, एका महिन्यात मावशींचा पगार द्यायला मी घरातले पैसे काढले. तेव्हा आम्हाला वाटायचं गिऱ्हाईक कमी पडतंय. तसं नव्हतं, धंदा गळत होता आणि कुठून गळतोय ते आम्हाला दिसत नव्हतं. आता नीट चाललंय म्हणून जे केलं ते सविस्तर सांगते. तुमचा धंदा शिवणकामाचा असो, झेरॉक्सचा असो की किराण्याचा, पद्धत तीच लागू पडते, फक्त पोळीच्या जागी तुमची वस्तू धरा.

पहिलं काम, पंधरा दिवस फक्त लिहा. काही बदलू नका, काही विकत घेऊ नका, मोबाईलमध्ये अ‍ॅप शोधत बसू नका, दहा-वीस रुपयांची वही आणा आणि रोज रात्री चार गोष्टी लिहा: काय किती उरलं, काय किती कमी पडलं (म्हणजे गिऱ्हाईक मागत होतं आणि आपण नाही म्हणालो), कुठे कोण हात रिकामे ठेवून थांबलं होतं, आणि कोणाकडून किती यायचंय. मी दिवसाच्या बाजूला तिथी पण लिहिली आणि त्या तिथीनेच आमचे डोळे उघडले, ते पुढे सांगते. ही वही गल्ल्याजवळ दोरीला बांधा, पेन पण बांधा, नाहीतर पेन शोधण्यात राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं खरं नसतं.

दुसरं, एका वस्तूचा खर्च काढा, पैशापर्यंत. आम्ही तीन वर्षं पोळी विकली पण एक पोळी आपल्याला कितीला पडते हे दोघींपैकी एकीला माहीत नव्हतं, शेजारचे ज्या भावाने देतात त्याच भावाने आपण द्यायची एवढंच. मग बसून काढलं. एक किलो कणकेत आमच्या मापाच्या घडीच्या पोळ्या होतात तेहतीस. तेव्हा गहू आणि दळण मिळून ४६ रुपये किलो पडायचं, म्हणजे पोळीमागे पीठ १ रुपया ४० पैसे. तेल चाळीस पैसे, गॅस चाळीस पैसे, मावशींची मजुरी दीड रुपया, कागदी पिशवी तीस पैसे, आणि भाडं-लाईट वाटून साधारण एक रुपया. झाले पाच रुपये. विकत होतो नऊला. म्हणजे पोळीमागे चार रुपये सुटतात, छान वाटलं ना? आता वही बघितली तर रोज सरासरी ३८ पोळ्या उरत होत्या. उरलेली एक पोळी पाच रुपये खाते, म्हणजे सव्वा पोळीचा नफा गेला. ३८ पोळ्यांचे १९० रुपये रोज, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ४,९४०. जवळपास पाच हजार रुपये आम्ही फोडणीच्या पोळीत घालत होतो आणि वर म्हणत होतो की धंदा मंद आहे. जाऊबाई तो हिशोब बघून पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

तुमचे आकडे वेगळे येतील, भाव रोज बदलतात, पण मजुरी धरायला विसरू नका आणि स्वतःची मजुरी तर अजिबात विसरू नका. घरचे लोक फुकट राबतात म्हणून नफा दिसतो असे किती तरी धंदे मी बघितलेत. आम्ही दोघींनी स्वतःला ठरावीक पगार लावला, आधी अगदी थोडा, पण लावला. आणि घरी नेलेली भाजी, पोळ्या, तेलाची पिशवी हे पण वहीत "घर" म्हणून लिहायला लागलो. या "घर" रकान्याने पण धक्का दिला, रोज रात्रीचं जेवण दोन्ही घरांचं दुकानातूनच जात होतं! नेऊ नका असं नाही म्हणत, न्या, पण लिहा.

आता तिथीचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच्यातून झाला. आम्ही रोज तीनशे पोळ्या करायचो, सोमवार असो की रविवार. वहीत दिसलं की बुधवार, शुक्रवार, रविवार लोक घरी मटण-मच्छी करतात, तेव्हा भाजी पडून राहते पण पोळी आणि भाकरी जोरात जाते. सोमवार, गुरुवार काही जणांचे उपास. आणि संकष्टीचं तर वेगळंच, आम्ही नेहमीप्रमाणे सातला गरम पोळ्या तयार ठेवायचो आणि त्या थंड व्हायच्या, कारण उपास सुटणार चंद्रोदयाला, तो कधी साडेआठला कधी साडेनऊला, गिऱ्हाईक त्याच्या अर्धा तास आधी येतं आणि तोपर्यंत आमची भट्टी बंद. म्हणजे त्या दिवशी उरायच्या पण आणि कमी पण पडायच्या! आता कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ बघून दुसरा घाणा उशिरा लावतो. श्रावणात बिनकांदालसणाची एक भाजी ठेवतोच. आषाढी-कार्तिकीला पोळ्या निम्म्या आणि साबुदाण्याची खिचडी. रविवारी मेगाब्लॉक असेल तर स्टेशनकडून येणारं गिऱ्हाईक घटतं पण सोसायट्यांमधून फोन वाढतात. आणि पावसाळ्यात जोराचा पाऊस लागून गाड्या अडकल्या की संपलं, माणसं रात्री दहा-अकरापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे दुपारनंतर पावसाचा रंग बघून आम्ही कणीकच कमी भिजवतो. हे सगळं आम्हाला "माहीत" होतंच की, कोणाला माहीत नसतं, पण ते वहीत आकड्यात दिसल्याशिवाय कढईत उतरलं नाही.

तुम्ही पण तुमच्या धंद्याचे असे दिवस काढा. शिंप्याला लग्नसराई आणि शाळा सुरू व्हायचा जून, झेरॉक्सवाल्याला परीक्षा आणि अ‍ॅडमिशन, किराणावाल्याला पगाराचा पहिला आठवडा. दिवस कळले की माल आणि माणसं त्याप्रमाणे लावता येतात, नाहीतर रोज सारखंच राबून निम्मे दिवस वाया जातात.

तिसरं, काम कुठे अडतंय ते उभं राहून बघा. एक दिवस तुम्ही स्वतः काम करू नका, कोपऱ्यात उभं राहा आणि नुसतं बघा, हे फार अवघड जातं कारण हात शिवशिवतात, पण करा. आमची समजूत होती की लाटणं हळू होतंय. त्या समजुतीपायी आम्ही चक्क पोळ्या करायचं दाबयंत्र घेतलं, हप्त्यावर. त्यातून निघतात फुलक्यासारख्या पातळ, त्याला घडी नाही, पदर सुटत नाही, आणि आमचं गिऱ्हाईक घडीच्या पोळीसाठीच येतं, चार दिवसात लोक तोंडावर म्हणाले काकू ही पोळी तुमची नाही. यंत्र दोन वर्षं झाकून ठेवलं होतं, शेवटी निम्म्या किमतीत गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण ते पैसे जाऊबाईंच्या भिशीचे होते. मग कोपऱ्यात उभं राहून बघितलं तर काय, लाटणं हळू नव्हतंच, पोळपाटाशी मावशी थांबत होत्या कारण कणीक तयार नसायची! सहाला कणीक भिजवायची, ती मुरायला अर्धा तास, साडेसहाला सुरुवात, पहिला घाणा संपला की परत भिजवायची, परत थांबायचं, आणि नेमकी सव्वासात ते पावणेनऊ ही गर्दीची वेळ. आता पहिली कणीक चारला, दुसरी पावणेसहाला, ओल्या फडक्याखाली झाकून. एवढ्या बदलाने तीच दोन माणसं, तोच तवा, आणि तासाला साठ-पासष्टच्या जागी शंभरच्या आसपास पोळ्या व्हायला लागल्या. खर्च शून्य. नंतर कणीक मळायचं मशीन घेतलं ते मात्र उपयोगी पडलं कारण मळताना मावशींचे खांदे धरायचे, अडचण खरी होती. म्हणून सांगते, यंत्र शेवटी घ्या, आधी अडतंय कुठे ते नक्की करा.

त्याच दिवशी पावलं पण मोजली. मीठ-तेल एका टोकाला, परात दुसऱ्या टोकाला, पिशव्या गल्ल्याच्या मागे फळीवर आणि पिशवी काढायला स्टूल! मावशीच म्हणाल्या, ताई हे पिठाचं पिंप ओट्याखाली घ्या आणि तेलाचं भांडं माझ्या उजव्या हाताला द्या, मी तीन वर्षं वाकून वाकून घेतेय. तीन वर्षं! आम्ही कधी विचारलंच नव्हतं. जो ते काम रोज करतो त्याला विचारा, आणि तो सांगेल ते दुसऱ्या दिवशी करून दाखवा, नाहीतर परत कोणी सांगणार नाही.

माप ठरवणं पण याच्यातच येतं. कणकेचा गोळा ४५ ते ५० ग्रॅम, आठवडाभर वजनकाट्यावर करायला लावला, नंतर हाताला सवय झाली. भाजीला ठरावीक पळी, डब्यात एक पळी, पाव किलोच्या पॅकला दोन. आधी ज्याच्या हाताने भरलं त्याच्या मनाप्रमाणे जायचं, ओळखीच्याला जास्त, अनोळख्याला कमी, आणि भांडणं त्यावरूनच व्हायची. मावशींना पोळीमागे पैसे द्यायची पद्धत काही ठिकाणी असते, आम्ही दोन महिने करून बघितली आणि सोडली, घाईत कडा कच्च्या राहतात. महिन्याचा पगार आणि दिवाळीला बोनस, हेच आम्हाला बरं पडलं.

चौथं, ऑर्डरची वेळ बांधा. हे करायला आम्ही सगळ्यात जास्त घाबरलो. गर्दीच्या वेळेला फोन वाजायचा, पिठाच्या हाताने उचलायचा, "काकू दहा पोळ्या ठेवा", ते कोण, कुठले, कधी येणार काही नोंद नाही, ते आले नाहीत की पोळ्या उरल्या. आता व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलंय, सकाळी अकराला आजच्या भाज्या आणि भाव टाकतो, साडेचारपर्यंत ऑर्डर द्यायची, त्यानंतर जे काउंटरवर असेल ते. त्यात तयार उत्तरं साठवता येतात, लेबल लावता येतात, "पैसे आले", "यायचेत" असं, तेवढं आम्हाला पुरतं. पहिला आठवडा लोक कुरकुरले, दोन-तीन गिऱ्हाईकं गेली पण. बाकीच्यांना सवय लागली आणि उलट त्यांना बरं वाटतं की नाव सांगितलं की पिशवी तयार मिळते, रांगेत थांबावं लागत नाही. सांगून ठेवलेल्या पिशव्यांची फळी वेगळी केलीय आणि काउंटरची रांग वेगळी.

डब्यांची गडबड वेगळी होती, याचा डबा त्याला. यात आम्ही मुंबईच्या डबेवाल्यांचं उचललं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं ते काम इतकी वर्षं चाललंय आणि डब्याच्या झाकणावर नावपत्ता नसतोच, रंग, अक्षरं, आकडे असतात, त्यावरून स्टेशन, इमारत, मजला कळतो. आमचे डबे काही ट्रेनने जात नाहीत, पण आम्ही पण झाकणावर रंगाने लिहितो, सोसायटीचं अक्षर, मजला, पोळ्यांचा आकडा आणि कमी तिखट असेल तर हिरवा ठिपका. पोचवणारा मुलगा नवीन आला तरी दोन दिवसात रुळतो, आणि "आज तीन पोळ्याच आल्या" ही तक्रार जवळजवळ बंदच झाली.

सामान संपत आलंय ते कळायची पण एक साधी पद्धत आहे. प्रत्येक वस्तूचे दोन डबे, एक वापरातला एक भरलेला, वापरातला संपला आणि भरलेला उघडला की त्याच क्षणी झाकणावरची चिठ्ठी काढून गल्ल्याच्या खिळ्याला अडकवायची, रात्री खिळ्यावरच्या चिठ्ठ्या म्हणजे उद्याची यादी. माझा पुतण्या इंजिनियर आहे, तो म्हणाला काकू, टोयोटाच्या कारखान्यात अशीच चिठ्ठी असते, कानबान म्हणतात तिला. असेल, आम्हाला त्याने हळद-मोहरी संपल्यावर पळापळ वाचली.

खरेदीत मात्र उत्साह आवरा. घरी आपण मार्च ते मे वर्षाचं भरतो, गहू, मसाल्याची मिरची, कांदे, तीच सवय धंद्यात लावली तर पैसा पोत्यात अडकतो आणि पावसाळ्यात गव्हाला टोके लागतात. आम्ही गहू दोन-तीन महिन्यांचाच घेतो. कांद्याचं वेगळं, उन्हाळी कांदा टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, आणि पावसाळ्याच्या शेवटी शेवटी बहुतेक वेळा भाव चढतो, म्हणून मे महिन्यात चांगला वाळलेला उन्हाळी कांदा थोडा जास्त घेतो, पण हवेशीर कोरडी जागा असेल तरच, नाहीतर एक सडका कांदा गोणी घालवतो. पालेभाजी रोजची रोज. बाकी भाजी कल्याणच्या मार्केटयार्डातून आठवड्यातून दोनदा, तिघी केंद्रवाल्या मिळून एक टेम्पो करतो, भाडं वाटून जातं. हो, त्यांच्याशी स्पर्धा आहे, तरी करतो.

गॅसबद्दल एकच सांगते, धंद्याला १९ किलोचा कमर्शियल सिलेंडरच वापरा, घरचा १४.२ किलोचा वापरणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा पण हात वर करतो. सिलेंडर लावला की तारीख खडूने भिंतीवर लिहा, किती दिवस गेला ते कळतं, अचानक दोन दिवस कमी गेला तर बर्नर साफ करायचा आहे किंवा नळी तपासायची आहे.

आता उधारी. महिन्याच्या डब्याचे पैसे आम्ही महिना संपल्यावर घ्यायचो, आणि मग आज देतो उद्या देतो. आता आगाऊ, तीस चौकोनांचं कार्ड, डबा गेला की एक चौकोन खोडायचा, सुट्टी आदल्या रात्री कळवली तर चौकोन राहतो. विद्यार्थी मुलांना पंधरा चौकोनांचं कार्ड देतो कारण एकदम एवढे पैसे त्यांच्याकडे नसतात. यूपीआयचा क्यूआर दुकानाच्या खात्याचा वेगळा करा, घरच्या खात्यात दुकानाचे पैसे आले की संपलं, भाजीवाल्याला दिलेले आणि मुलाच्या क्लासला दिलेले एकाच यादीत.

एका ऑफिसचे रोजचे बावीस डबे आम्हाला मिळाले होते, फार आनंद झाला होता, आणि त्यांनी साडेचार महिन्यांचे पैसे थकवले. मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून बोलायला भीती वाटायची. तेव्हा उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं कळलं, आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. ती नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असं छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात आहे, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि वेळेत दिले नाहीत तर पैसे देणाऱ्यांना आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षी धरता येतो. आम्ही तक्रार नाही केली, फक्त पुढच्या बिलावर उद्यम नंबर आणि ही ओळ छापली आणि अकाउंट्सच्या माणसाला शांतपणे दाखवली, पैसे तीन हप्त्यांत आले. मोठ्या ऑफिसचं काम घेताना पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या, किती दिवसांत पैसे, आणि तुमच्या एकूण विक्रीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त एका गिऱ्हाईकावर टाकू नका.

आणि हे सगळं एकदम करायला जाऊ नका. आम्ही कणकेची वेळ बदलली, पंधरा दिवस तेच, वहीत फरक दिसला, मग ऑर्डरची वेळ, मग डब्यांचे रंग, असं करत करत सात-आठ महिने गेले. एकदम चार गोष्टी बदलल्या तर मावशी गोंधळतात आणि कशामुळे फरक पडला ते पण कळत नाही. जे ठरलं ते मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोर चिकटवतो: चार वाजता पाच किलो कणीक, गोळा ४५ ते ५० ग्रॅम, संकष्टीला दुसरा घाणा चंद्रोदयाच्या एक तास आधी. मावशींच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा आठ दिवस बदली बाई आल्या होत्या, त्या भिंतीवर वाचून कामाला लागल्या, फक्त तेलाचं भांडं उजवीकडून डावीकडे घेतलं, त्या डावखुऱ्या होत्या.